वाचक विचारतात : पन्नास डॉलरच्या नोटेवरची आमदारबाई

प्रश्न : मुलगा पर्थला नोकरीला आहे. यंदा आला तेव्हा आठवण म्हणून पन्नास डॉलरची एक पिवळी नोट देऊन गेला. त्यावर एका वयस्कर बाईचा फोटो आहे, राणी तर वाटत नाही. कोण आहे हो ही? त्याला विचारलं तर म्हणे, आई गूगल कर. (एक काकू, प्रतापनगर)

उत्तर : काकू, राणी नाही, आमदारबाई आहे! एडिथ काउअन. तुमचा मुलगा राहतो ते पर्थ म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याची राजधानी, आणि आपल्याकडे जशी विधानसभा तशी तिकडे प्रत्येक राज्याची आपली पार्लमेंट असते, तर तिथल्या खालच्या सभागृहात ही बाई 1921 मध्ये निवडून आली. अख्ख्या ऑस्ट्रेलियात, राज्यात म्हणा की केंद्रात, कुठल्याही पार्लमेंटमध्ये निवडून आलेली पहिली बाई. केंद्राच्या पार्लमेंटला तर बाई मिळायला 1943 उजाडलं. मुलाला विचारून बघा, एडिथ काउअन युनिव्हर्सिटीसुद्धा आहे तिथेच.

आता गंमत ऐका. त्या राज्यात बायकांना मत द्यायचा हक्क 1899 मध्येच मिळाला होता पण निवडणुकीला उभं राहायचा हक्क मिळाला 1920 मध्ये, म्हणजे एकवीस वर्षं मत द्या पण उभ्या राहू नका असा कारभार. हा अडसर काढणारं बिल ज्यांनी मांडलं ते अॅटर्नी जनरल (कायद्याचं खातं सांभाळणारे मंत्री) टी. पी. ड्रेपर, आणि पुढच्याच निवडणुकीत वेस्ट पर्थच्या सीटवर बाईंनी त्यांनाच पाडलं, फक्त 46 मतांनी! बरं दोघंही एकाच नॅशनलिस्ट पक्षाचे. ड्रेपर साहेबांच्या मनाला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

नोट पालटून बघा, मागे डेव्हिड युनायपन आहेत, आदिवासी लेखक आणि संशोधक. मला ही जोडी जरा बोचते, कारण ज्या निवडणुकीत बाई जिंकल्या त्यात तिथल्या आदिवासी बाया-माणसांना जवळजवळ मताचा हक्कच नव्हता. पहिली बाई म्हणून टाळ्या वाजवताना हेही सांगायला पाहिजे.

प्रश्न : या बाईच्या वडिलांना फाशी झाली होती असं व्हॉट्सअॅपवर आलं. खरं की फेकाफेकी? (एक वाचक, महाल)

उत्तर : यावेळेस व्हॉट्सअॅप खरं बोललं राजेहो. जन्म 2 ऑगस्ट 1861, जेराल्डटनजवळच्या ग्लेनगॅरी नावाच्या मोठ्या पशुपालन फार्मवर. आई शिक्षिका होती, ती बाळंतपणात गेली तेव्हा एडिथ सात वर्षांची. मग पर्थला बोर्डिंग शाळेत टाकलं. वडील केनेथ ब्राऊन यांनी दुसरं लग्न केलं, आणि 1876 मध्ये त्या दुसऱ्या बायकोला गोळी घालून मारलं, त्याच वर्षी फाशी. पोरगी चौदाची होती. मग ती आजीकडे राहिली आणि अठराव्या वर्षी लग्न झालं जेम्स काउअन यांच्याशी, कोर्टातला माणूस, पुढे पर्थचे पोलीस मॅजिस्ट्रेट झाले. तिची बोर्डिंग शाळा चालवायच्या त्या याच जेम्सच्या बहिणी.

वडिलांमुळेच ती समाजकार्यात गेली असं सरळ गणित लोक मांडतात, मला ते फार सोपं वाटतं. नवरा मॅजिस्ट्रेट, तेव्हा कोर्टात रोज कोण येतं, दारू पिऊन मारणारे नवरे, टाकलेल्या बायका, चोरी करताना पकडलेली लहान पोरं, हे घरात जेवताना कानावर येतच असणार की.

प्रश्न : एकच टर्म, 46 मतांचा विजय, नंतर दोनदा हार. एवढ्यावर नोटेवर फोटो? आमच्या वॉर्डातले नगरसेवक बरे मग. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : दादा, आकडे बरोबर आहेत तुमचे. 1924 ला पडल्या, 1927 ला परत उभ्या राहिल्या, परत पडल्या. पण तुम्ही मोजायला 1921 पासून सुरुवात केली ना, तिथेच घोळ आहे. निवडून आल्या तेव्हा बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या, पाच मुलं मोठी झालेली, आणि त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं नुसती कामात. 1894 मध्ये काराकाटा क्लब काढला, बायकांनी बायकांसाठी, तिथे आरोग्य, कायदा यावर अभ्यास करून बोलायचं. 1906 मध्ये चिल्ड्रन्स प्रोटेक्शन सोसायटी, आणि त्यांच्याच रेट्याने पुढे लहान मुलांसाठी वेगळं कोर्ट झालं म्हणजे पोरं मोठ्या गुन्हेगारांच्या रांगेत उभी राहायची थांबली. 1915 मध्ये त्याच कोर्टाच्या बेंचवर बाई बसल्या. बायकांसाठी किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटल 1916 मध्ये उघडलं, त्यासाठीही वर्षानुवर्षं खटपट केलेली. आमदारकी हे तर शेवटचं प्रकरण होतं.

आणि त्या तीन वर्षांतही गप्प बसल्या नाहीत. पहिल्याच भाषणात म्हणाल्या की इथे एकटी बाई असणं ही मोठी जबाबदारी आहे आणि अजून बायका इथे यायला पाहिजेत. बाबागाडी ट्रेनमध्ये न्यायला रेल्वे वेगळे पैसे घ्यायची, तेही काढलं सभागृहात. तो काळ बघा, पुरुषांनी भरलेलं सभागृह आणि ही बाई बाबागाडीचं भाडं काढून बसली, हसले असतील काही जण. पण लेकरू घेऊन स्टेशनावर उभ्या असलेल्या बाईला तोच प्रश्न मोठा असतो ना बाप्पा! 1922 मध्ये वारसाच्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली, मूल मृत्युपत्र न करता गेलं तर त्याच्या मालमत्तेत आईलाही बापाइतकाच वाटा. पार्टीच्या रेषेवरच चालायचं असं त्यांचं नव्हतं, पटेल तसं बोलायच्या, आणि असा माणूस कुठल्याच पार्टीला फार दिवस परवडत नाही, हे नागपुरात मी तुम्हाला काय सांगू.

प्रश्न : मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काउअन यांच्यामुळे बायका वकील झाल्या असं क्लासमध्ये ओझरतं ऐकलं. (एक विद्यार्थिनी, रविनगर)

उत्तर : ताई, तिकडच्या पुरतं खरं आहे. विमेन्स लीगल स्टेटस अॅक्ट, 1923, हे त्यांचंच प्रायव्हेट मेंबर बिल, सरकारचं नाही. त्याने वकिलीसकट इतर व्यवसायांचं दार वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या बायकांना उघडलं. खासगी बिल पास होणं किती अवघड असतं ते तुला कॉलेजात शिकवतीलच.

आणि वर्ष लक्षात ठेव, परीक्षेत कोणी विचारो न विचारो. आपल्याकडेही लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अॅक्ट 1923 चाच! त्याआधी आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या तरी कितीतरी वर्षं त्यांना इथे रीतसर वकिली करता येत नव्हती. दोन्ही कायद्यांचा एकमेकांशी संबंध जोडू नकोस, पण एकाच साम्राज्यात एकाच वेळेस हवा फिरत होती एवढं नक्की.

प्रश्न : आपल्या नागपूरकडे अशी कोणी? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : आहेत की! अनसूयाबाई काळे. 1937 मध्ये सीपी अँड बेरारच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या, विधानसभेच्या उपसभापती, आणि स्वातंत्र्यानंतर 1952 आणि 1957, दोन्ही वेळेस नागपूरच्या खासदार. त्यांच्यावर पूर्ण अंक निघू शकतो, संपादकांच्या कानावर मी घातलंय, तुम्हीपण दोन ओळी लिहून पाठवा म्हणजे जरा जोर येईल.