तेल-तूप बंद करूनही रात्री बाकरवडीचा पुडा का संपतो?

दोन महिने तेल-तूप बंद आहे, तरी रात्री अकरा वाजता उभ्या उभ्या बाकरवडीचा अख्खा पुडा संपतो. मग दिवसाला तेल खायचं तरी किती, असं तुम्ही विचारलंय. त्या पुड्याचं कारण बंद केलेल्या तेलातच आहे.

स्निग्ध पदार्थ असले की पोट सावकाश रिकामं होतं. कोरडी पोळी, उकडलेली भाजी खाल्ली की थोड्या वेळात पुन्हा भूक लागते, ती दिवसभर मारली की रात्री उसळते. हा हावरटपणा नव्हे, भूकच आहे. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय नीट शोषली जात नाहीत. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि वर फोडणी घातली तरच त्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते, नीट अंगी लागतं.

बैठं काम असेल तर वरून घातलेलं तेल-तूप मिळून दिवसाला 20 ते 30 ग्रॅम ठीक. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. पण तुम्ही चमचे मोजत बसू नका, कृपा करून. खाण्याची धास्ती घेतलेल्या माणसाला मोजणीचंच व्यसन लागतं. हिशोब बाटलीचा ठेवा: दोघांच्या घरात एक लिटर तेल महिनाभर पुरलं तर माणशी रोज 15 ग्रॅम झालं. वरण-भातावर चमचाभर तूप वेगळं. बस.

शेंगदाणा किंवा करडई, कुठलंही चालेल. आलटून पालटून वापरा. तुपातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, म्हणून ते वरून घ्यायला ठेवा, तळणाला नको. ओमेगा-3 साठी जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा. जवस भाजून कुटलेली हवी, अख्खी तशीच बाहेर पडते. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणाचं तेल मात्र खरंच टाळा.

आता बाकरवडी. ती घरातून हद्दपार केलीत की ओढ वाढेल. दुपारी नीट जेवा, पाचला मूठभर दाणे किंवा फुटाणे खा, जेवणांत चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. मग आठवड्यातून दोनदा, पोट भरलेलं असताना, चार बाकरवड्या ताटलीत काढून चहाबरोबर बसून खा. पुड्यातून नाही. सुरुवातीला चाराच्या आठ होतील; तरी दुसऱ्या दिवशी नाश्ता चुकवू नका, नाहीतर तेच चक्र पुन्हा फिरतं.

खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, पाळी थांबणं, चक्कर येणं, यातलं काहीही होत असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, फुकट.