ऐतिहासिक प्रेमकादंबरीत तुटलेलं प्रेम पुन्हा जुळलेलं कधी पटतं?

तुमचा प्रश्न असा आहे की, ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत आठ-दहा वर्षांपूर्वी ताटातूट झालेली माणसं पुन्हा भेटतात, पुन्हा प्रेमात पडतात, आणि वाचताना ते खोटं वाटतं; मग ते खरं वाटावं म्हणून लेखक नेमकं काय करतो? शिवाय पेशवाईच्या काळात अशी गोष्ट रचता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत असं की ताटातूट काळाने केलेली असावी आणि उशीर माणसाने केलेला असावा. पहिल्या वेळी दोघांना तोडणारी गोष्ट त्या काळातली खरी अडचण हवी, म्हणजे पैसा, कायदा, घराणं, युद्ध असं काहीतरी. पण पुढे ती अडचण दूर झाली तरी दोघं एकत्र येत नाहीत, आणि वाया गेलेली ती वर्षं कुणाला तरी स्वतःच्या नावावर मांडून घ्यावी लागतात. हे जिथे घडतं तिथे मला गोष्ट पटते.

उदाहरण जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेशन'चं घेते. (पुढे कथानक उघड होणार आहे, वाचायची असेल तर आधी वाचून या.) ही कादंबरी १८१७ च्या डिसेंबरात छापून आली, लेखिका त्याच वर्षी जुलैत, वयाच्या ४१ व्या वर्षी वारली होती. तिच्यासाठी ही आपल्याच काळाची गोष्ट होती. पण आज इंग्रजीत त्या काळावर ज्या प्रेमकादंबऱ्या लिहिल्या जातात, त्यांतल्या 'दुसऱ्या संधी'च्या गोष्टी याच वाटेने आलेल्या आहेत.

१८०६ चा उन्हाळा. ॲन एलियट १९ वर्षांची, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका बॅरोनेटची, म्हणजे वंशपरंपरागत किताब असलेल्या घरंदाज माणसाची मुलगी. फ्रेडरिक वेंटवर्थ आरमारातला तरुण अधिकारी. सान डोमिंगोच्या आरमारी लढाईनंतर त्याला बढती मिळालेली, पण हाताला जहाज नाही आणि गाठीला पैसा नाही. दोघांचं लग्न ठरतं. वडील उघड नकार देत नाहीत, फक्त गप्प बसतात आणि काही देणार नाही एवढं कळवतात. आईच्या माघारी जिने ॲनला आईची माया दिली ती लेडी रसेल तिला समजावते की हे लग्न म्हणजे त्याच्याही पायात बेडी होईल. ॲन माघार घेते. तो दुखावून निघून जातो.

आता इथे काळ कसा काम करतो बघा. १७५३ च्या विवाह कायद्यामुळे इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्या मुलीच्या लग्नात आईवडिलांची संमती हा मोठाच अडसर होता. ज्यांना ती नको असे ते सीमा ओलांडून स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळून जात. आरमारी अधिकाऱ्याला जहाज नसेल तर अर्ध्या पगारावर घरी बसावं लागे. पैसा मिळायचा तो शत्रूची जहाजं पकडून, लुटीतल्या वाट्यातून. १८०८ पर्यंत कप्तानाचा वाटा तीन अष्टमांशापर्यंत जाई, म्हणजे एका चांगल्या मोहिमेत माणूस श्रीमंत होऊ शकत होता किंवा पहिल्याच मोहिमेत मरू शकत होता. लेडी रसेलचा सल्ला म्हणूनच निव्वळ दुष्टपणाचा वाटत नाही. १९ वर्षांच्या मुलीला अशा भरवशावर सोडायला कुठलीही आई कचरली असती. ऑस्टिनला हे जग घरातूनच माहीत होतं. तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, आरमारात होते. फ्रान्सिस तर सान डोमिंगोच्या त्या लढाईत प्रत्यक्ष होता, आणि चार्ल्सने लुटीच्या वाट्यातून दोघी बहिणींसाठी पुष्कराजाचे क्रूस विकत घेतले होते.

मग १८१४ साल. नेपोलियन पायउतार झालाय, अधिकारी जमिनीवर परतलेत. वेंटवर्थ २५,००० पौंड कमावून आलाय. ॲनचे वडील कर्जात बुडून घर भाड्याने देतायत, आणि ते घर घेतं कोण, तर वेंटवर्थची बहीण आणि तिचा नवरा. ॲन २७ वर्षांची, कोमेजलेली. पहिल्या भेटीनंतर तो कुणाला तरी म्हणतो की ती इतकी बदललीय की ओळखूच आली नसती, आणि ते बोलणं फिरत फिरत तिच्या कानावर येतं.

इथून पुढे दोघं कितीतरी प्रकरणं एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत. तरी वाचणाऱ्याला कळत राहतं. एक प्रसंग मी वारंवार वाचलाय. ॲन आजारी भाच्याजवळ गुडघे टेकून बसलीय. धाकटा दोन वर्षांचा पोरगा तिच्या पाठीवर चढतो, मानेला मिठी मारतो, काही केल्या उतरत नाही. दुसरा एक माणूस जागेवरूनच त्याला रागावतो. आणि अचानक तिच्या मानेवरचं ओझं जातं. कुणीतरी ते पोर उचललंय, त्याचे हात सोडवलेत. तो वेंटवर्थ आहे हे तिला नंतर उमगतं. तिच्या तोंडून आभाराचा शब्दही फुटत नाही, आणि तो त्या मुलाशी मुद्दाम गलका करत खेळत राहतो, तिचे आभार ऐकावे लागू नयेत म्हणून. त्याचा राग गेलेला नाही. पण तिला त्रास होतोय हे त्याला बघवत नाही. दुसऱ्या संधीची खरी सुरुवात मला अशा जागी दिसते. जुन्या आठवणींचे उमाळे कुणीही लिहू शकतं. राग शिल्लक असताना हात पुढे जातो, ते लिहायला कौशल्य लागतं.

आता उशीराचा मुद्दा. सगळं जुळल्यावर वेंटवर्थ तिला विचारतो: १८०८ मध्ये मी थोडे पैसे आणि कप्तानपद मिळवून परतलो होतो, तेव्हा तुला पत्र लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस का? ती जे दोन शब्द बोलते त्यातून त्याला कळून चुकतं की तेव्हाच सगळं होऊ शकलं असतं. पैशाची अडचण दोन वर्षांतच संपली होती. पुढची सहा वर्षं त्याच्या मानीपणाने खाल्ली. तो हे कबूल करतो, आणि आपल्या दुःखाला आपणही कारण होतो हे कळल्यावर त्याच्या बोलण्यातला सूरच बदलतो. इतके दिवस आपण त्याच्या जखमेकडे बघत असतो. ती काही अंशी त्याने स्वतःच जपली होती हे इथे दिसतं.

आणि ॲन? ती माफी मागत नाही. ती म्हणते की सल्ला चुकीचा होता, पण तो मानणं माझं कर्तव्य होतं; मानला नसता तर माझ्याच मनाने मला खाल्लं असतं. हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्ही लिहाल तेव्हा नायिकेला शेवटच्या प्रकरणात रडत 'माझं चुकलं' म्हणायला लावू नका. तिने तेव्हा जे केलं ते तेव्हाच्या तिच्या समजुतीने बरोबर होतं, हे समोरच्याला पटणं म्हणजेच समेट.

लिहिणाऱ्यासाठी यात आणखी एक धडा आहे. ऑस्टिनने आधी शेवट वेगळा लिहिला होता. त्यात वेंटवर्थच्या बहिणीचा नवरा त्याला ॲनला एक अवघड निरोप सांगायला लावतो, आणि त्या अडचणीतून दोघांचं मन मोकळं होतं. तिला तो शेवट पसंत पडला नाही, म्हणून तिने नव्याने लिहिला. त्या टाकून दिलेल्या शेवटाचं हस्तलिखित आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. नव्या शेवटात बाथ शहरातल्या एका खानावळीच्या दालनात वेंटवर्थ टेबलाशी मित्राचं पत्र लिहीत बसलाय. तो मित्र खिडकीपाशी ॲनशी वाद घालतोय की बाई जास्त काळ प्रेम करते की पुरुष. ॲन म्हणते, आशा संपल्यावरही प्रेम करत राहणं बायकांच्या वाट्याला आलंय. हा वाद चालू असतानाच तिकडे टेबलावरून लेखणी पडल्याचा आवाज झालेला असतो. म्हणजे तो ऐकतोय. तो तिथेच दुसरं पत्र लिहितो, निघून जातो, हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत येतो आणि ते पत्र तिच्यासमोर सरकवतो. पहिल्या शेवटात योगायोगाने आणि तिसऱ्या माणसाने काम केलं होतं. दुसऱ्यात आठ वर्षं गप्प राहिलेली बाई बोलते आणि त्यामुळे तो हलतो.

म्हणूनच हरवलेलं पत्र, चोरलेलं पत्र, खलनायिकेने जाळलेलं पत्र, याने झालेली ताटातूट मला फुकट वाटते. कुणाचंच काही चुकलेलं नसेल तर समेट कशाचा करायचा? त्याऐवजी न लिहिलेलं पत्र घ्या. त्या काळी लग्न ठरलेलं नसताना मुलामुलीने एकमेकांना पत्रं लिहिणं शोभत नसे. शिवाय १८४० पूर्वी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणारा भरत असे, म्हणजे आलेलं पत्र घरात लपून राहणं कठीण. लपवून ठेवलेलं मूल आणि स्मृतिभ्रंश या ठरीव युक्त्यांबद्दलही माझं मत असंच आहे.

दुसरी संधी नाकारणारी कादंबरीही वाचून ठेवा: ईडिथ व्हॉर्टनची 'द एज ऑफ इनोसन्स', १९२० ची, गोष्ट १८७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कची. तिच्या शेवटी नायक ५७ वर्षांचा विधुर आहे, कसलाही अडसर उरलेला नाही, पॅरिसमध्ये एकेकाळच्या प्रेयसीच्या घराखालच्या बाकावर तो बसलाय, आणि मुलाला वर पाठवून स्वतः हॉटेलवर परत जातो. काळाने बांधलेली भिंत पडली तरी माणूस कधीकधी पलीकडे जात नाही. हे ठाऊक असेल तर तुमची माणसं पलीकडे जातील तेव्हा ते तुम्ही जास्त जबाबदारीने लिहाल.

आता पेशवाई. इंग्रजी साचा जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे लग्नं लहानपणी होत, त्यामुळे 'आधी प्रेम, मग मोडलेलं लग्न' बसवायला गेलात की वाचकाला लगेच खटकेल. आपल्याकडची ताटातूट लग्नानंतरची. दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारी निघायची. उत्तरेत छावणी पडली की पावसाळा तिकडेच. आठ-नऊ वर्षांची पोर सोडून गेलेला शिलेदार परत येतो तेव्हा समोर कर्ती बाई उभी असते. एकमेकांना ते नव्यानेच भेटतायत, आणि तरी नवरा-बायको आहेत. यातही माझा मुद्दा लागू होतो: मोहीम संपल्यावरही तो लगेच का आला नाही, हे तुम्हाला ठाऊक हवं.

पानिपताचा (१४ जानेवारी १७६१) विषय घ्यायचा तर सदाशिवराव भाऊंच्या पार्वतीबाई डोळ्यांसमोर येतातच. त्या स्वतः पानिपतावर होत्या, तिथून परतल्या, आणि पती गेले हे त्यांनी मानलं नाही. १७८३ मध्ये वारल्या तोवर सौभाग्यचिन्हं ठेवली. मध्ये भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गेली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ज्या बाईला दुसऱ्या संधीची इतकी आस, तिच्यापुढे ती संधी तोतयाच्या रूपाने येते! पण त्यांच्यावर कल्पित प्रेमकथा रचण्यापेक्षा त्यांच्या वाड्यातल्या, तशाच वाट बघणाऱ्या एखाद्या अनाम बाईची गोष्ट लिहा. तिथे तुमचा हात मोकळा राहील.

आणि ब्राह्मणी वाड्यातच अडकू नका. तिथे विधवेला दुसरं लग्न नव्हतं, पण कुणब्यांत आणि इतर बऱ्याच जातींत विधवेने पाट लावणं रूढ होतं, काडीमोडही होत असे, आणि सरकार पाटावर 'पाटदाम' नावाचा कर घेई. म्हणजे पानिपतावरून न परतलेल्या बारगिराची, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वाराची बायको काही वर्षांनी दुसऱ्याशी पाट लावू शकत होती. तो जिवंत परतला तर तंटा गोताच्या पंचायतीपुढे जाणार. तुमची गोष्ट मी तिथून सुरू केली असती, आणि पंचांनी विचारण्याआधी त्या बाईनेच त्याला विचारलं असतं की लढाई संपल्यावर तू इतकी वर्षं होतास कुठे.