वाचकांचे प्रश्न : स्टिरिओसाठी घरी केलेल्या केबल

प्रश्न : आमच्या घरी वडिलांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि ८ ओहमचे दोन स्पीकर आहेत. लांबचा स्पीकर भिंतीच्या कडेने ५ मीटरवर येतो. तयार केबलची किंमत ऐकून मी दुकानातून हात हलवत परत आलो. विजेच्या दुकानातल्या साध्या वायरीची केबल घरी केली तर आवाज बिघडेल का? टीव्हीच्या पांढऱ्या केबलचा एक तुकडा पडून आहे, तो सीडी प्लेअरला चालेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : स्पीकरला साधी तांब्याची वायर चालते, फक्त ती पुरेशी जाड हवी. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ०.०१७ ओहम असतो, आणि वीज जाऊन परत येत असल्यामुळे तुमच्या ५ मीटरसाठी १० मीटर तार हिशेबात धरावी लागते. दुकानात ‘दीड स्क्वेअर’ (दीड चौरस मिलिमीटर) म्हणून मिळणारी, बारीक तारांची लवचीक वायर घेतली तर हा रोध ०.१२ ओहमच्या आत राहतो; दारावरच्या बेलला वापरतात तसली पाव स्क्वेअरची वायर घेतली तर तो ०.७ ओहमच्या जवळ जातो. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत ०.४ ओहमपर्यंत, चालवून घ्यावे असा सर्वसाधारण संकेत आहे. दीड स्क्वेअरहून जाड वायर घेतल्याने नुकसान काहीच नाही, फायदाही कानाला जाणवण्यासारखा नाही.

वायरीची टोके मात्र जपावी लागतात. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे तांबे एक-दोन पावसाळ्यांत काळे-हिरवे पडते आणि सांधा खरखरू लागतो, म्हणून टोकाला बनाना पिन (भोकात घट्ट बसणारी धातूची पिन) बसवावी किंवा वर्षातून एकदा अर्धा इंच कापून नवे टोक सोलून घ्यावे. अ‍ॅम्प्लिफायरला स्क्रू असतील तर त्यांच्याखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर (सांधे जोडायला वितळवतात ते कथील) लावू नये, कारण दाबाखाली ते हळूहळू बसते आणि पकड सैल होते. टोकाची एखादी सुटी तार शेजारच्या स्क्रूला टेकली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. वायर लावताना तो बंद असावा हे ओघाने आलेच.

सीडी प्लेअरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडून येणारा सिग्नल जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास असतो आणि पुढे तो कित्येक पट वाढवला जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली घरातल्या विजेची घरघरही तितकीच वाढते. म्हणून इथे मधल्या तारेभोवती ही घरघर अडवणारी धातूची जाळी असलेली, म्हणजे शिल्डेड, वायर लागते. तुमच्या टीव्ही केबललाही जाळी आहे, पण अशा बहुतेक स्वस्त केबलमध्ये ती अ‍ॅल्युमिनियमची असते आणि अ‍ॅल्युमिनियम साधे सोल्डर धरत नाही. कथलाचा थेंब त्यावरून अळवावरच्या पाण्यासारखा ओघळतो. मधल्या तारेला लोहचुंबक लावून पाहा, चिकटला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. शिवाय ही केबल इतकी ताठ असते की तिच्या ओढीने प्लेअरमागचे सॉकेटच हलू लागते. तेव्हा तो तुकडा राहू द्यावा आणि मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून तांब्याच्या जाळीची, एका गाभ्याची (मध्ये एकच तार असलेली) दोन मीटर शिल्डेड वायर आणि धातूच्या चार आरसीए पिना (प्लेअरमागच्या गोल सॉकेटात बसतात त्या) आणाव्यात. मीटरभराच्या दोन केबल त्यात होतात. पैसे जास्त घालायचेच असतील तर पिनांवर घालावेत.

पिनेचे झाकण वायरीत आधी ओवावे. ही सूचना बाळबोध वाटेल, पण माझ्या पहिल्या केबलचे चारही सांधे चकचकीत झाल्यावर चारही झाकणे टेबलावरच राहिलेली दिसली होती. मग जाळी मागे ओढून तिचा पीळ करावा, गाभा मधल्या टोकाला आणि पीळ बाहेरच्या कडीला जोडावा. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री आणि आत राळ असलेली ६०/४० (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसे) सोल्डर तार पुरते. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट वापरू नये, ती तांबे खाते. आधी सांधा तापवावा आणि कथील त्याच्यावर वितळू द्यावे. शेवटी मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचे यंत्र, जोडणी असली की आवाज करणाऱ्या खुणेवर ठेवून तपासावे : गाभा ते गाभा आणि कडी ते कडी आवाज आला पाहिजे, गाभा ते कडी येता कामा नये.

प्रश्न : घरी केलेल्या केबल लावल्यापासून गाणे ऐकू येते, पण ढोलकीचा घुमारा गेला. वायर हलकी निघाली का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वायरीला दोष देण्याआधी एका स्पीकरची लाल-काळी टोके उलटी लागली आहेत का ते पाहा. तसे झाले असेल तर एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खातात. स्पीकरवरची खूण पुसली गेली असेल तर अ‍ॅम्प्लिफायरकडची टोके सोडवून त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर लाल समजावी. दोन्ही स्पीकरना हीच परीक्षा द्या.