एक्सप्रेस: नेस्टेड राउटरमध्ये पोस्टआयडी अनडिफाइन्ड का येतो?

पोस्टआयडी असलेल्या यूआरएलखाली कमेंट्सचा वेगळा राउटर जोडलाय आणि त्यात पोस्टआयडी अनडिफाइन्ड येतोय, तरी तुमचा राउट बरोबर आहे. एक्सप्रेसमध्ये (नोड.जेएसचं वेब फ्रेमवर्क) चाइल्ड राउटरला, म्हणजे आत जोडलेल्या राउटरला, पॅरेंटचे पॅरामीटर (यूआरएलमधल्या बदलत्या व्हॅल्यू) आपोआप मिळत नाहीत. कमेंट्सच्या फाइलमध्ये राउटर बनवतानाच मर्जपॅराम्स (पॅरेंटचे पॅरामीटर चाइल्डला देणारा पर्याय) ट्रू द्या. ही सोय एक्सप्रेसच्या ४.५.० आवृत्तीपासून आहे.

दोन्हीकडे पॅरामीटरचं नाव नुसतं 'आयडी' मात्र ठेवू नका. चाइल्डची व्हॅल्यू पॅरेंटच्या व्हॅल्यूवर बसते, एररही येत नाही, आणि कमेंटचा आयडी घेऊन तुम्ही पोस्ट शोधत बसता. पोस्टआयडी, कमेंटआयडी अशी वेगळी नावं द्या.

पॅरामीटर स्ट्रिंग म्हणून येतो, त्यामुळे '४२' आणि ४२ ट्रिपल इक्वलने (टाइपही तपासणारी तुलना) जुळणार नाहीत. कमेंट शोधताना क्वेरीत दोन्ही आयडी घाला, नाहीतर यूआरएलमध्ये भलताच पोस्टआयडी टाकला तरी ती कमेंट बिनदिक्कत उघडेल.