4800 चा स्पीड की 16 जीबी?

तुमचा प्रश्न असा: साठ-पासष्ट हजारांत दोन गेमिंग लॅपटॉप, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तेच, एकात 8 जीबी डीडीआर5 4800 रॅम (चालू कामासाठीची मेमरी), दुसऱ्यात 16 जीबी डीडीआर4 3200. डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या पिढ्या, शेवटचा आकडा तिचा स्पीड. जास्त स्पीडचा घ्यावा का?

मी 16 वाला घेईन, पण त्यात रॅमच्या 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या आहेत का एवढं विचारून. 3200 ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी डेटा देते, दोन लावल्या की 51.2. तुमची 4800 ची एकटी पट्टी 38.4 वरच अडते. शिवाय 8 जीबीत विंडोज, क्रोम, डिस्कॉर्ड बसले की गेमच्या वाट्याला येतं काय? मग रॅममध्ये न मावणाऱ्या डेटाची एसएसडीवर, म्हणजे फायली साठवायच्या हळू ड्राइव्हवर, ढकलाढकली सुरू होते आणि ऐन मारामारीत स्क्रीन गोठते.

भाच्याच्या लॅपटॉपात नेमकं हेच होतं. जुन्या एटीएम कार्डाने खालचं झाकण उचकटून आम्ही दुसरी पट्टी बसवली. गेम सुधारला, पण टास्क मॅनेजरमध्ये स्पीड 2667 दिसायला लागला! दुकानदाराने 3200 सांगून 2666 ची पट्टी दिली होती, आणि दोन पट्ट्या वेगळ्या असल्या की दोन्ही हळू असेल तिच्या चालीने चालतात. पट्टीवरचं लेबल न वाचता बसवली, ही चूक माझीच. गंमत म्हणजे बदलून आणल्यावर भाच्याला फरक कळलासुद्धा नाही. 8 चे 16 झाले तो मात्र पहिल्याच मॅचला कळला होता.

8 जीबीवाल्यात एक स्लॉट रिकामा असेल आणि लगेच दुसरी पट्टी घ्यायची ऐपत असेल, तर डीडीआर5 चा लॅपटॉप बेशक घ्या. त्यात जुनी डीडीआर4 पट्टी बसत नाही, खाचच वेगळी असते. 5600 ची पट्टी आणून फार काही साधणार नाही. प्रोसेसर 4800 पर्यंतचा असेल तर ती 4800 वरच चालेल, आणि स्वस्त लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्पीड वाढवायची सोय बहुधा नसतेच.

त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचे वॅट, म्हणजे त्याला किती वीज मिळते ते, विचारा. तीच आरटीएक्स 3050 कुठे 35 वॅटवर चालते, कुठे 80 वर. दोघींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुकानात मशीन चालू असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर 2 पैकी 1 आहे की 2 पैकी 2, ते बघूनच पैसे द्या.