इंटरप्ट मी बंद केले, मग चालू कुणी केले?

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिनक्सचा छोटा ड्रायव्हर लिहितोय. एका फंक्शनमधे लोकल आयआरक्यू डिसेबल करतो (म्हणजे त्या सीपीयूवरचे इंटरप्ट, डिव्हाइसकडून मधेच येणाऱ्या हाका, बंद करतो), लिस्टमधे नोंद टाकतो, शेवटी एनेबल करतो. तरी चार-पाच तासांनी कधीतरी लिस्टचे पॉइंटर बिघडतात. मधे एक हेल्पर फंक्शन आहे, त्यातही हेच दोन कॉल आहेत, ते काढून टाकू का? - एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: काढू नका, बदला. घोळ तिथेच आहे. तुम्ही इंटरप्ट बंद केले, हेल्परने बंद असलेलेच परत बंद केले, आणि जाता जाता एनेबल करून गेला. एक्स८६वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) एनेबल म्हणजे शेवटी एसटीआय ही एकच इन्स्ट्रक्शन, ती फ्लॅग्ज रजिस्टरचा बिट ९ (इंटरप्ट चालू की बंद ते सांगणारा) चालू करते आणि मोकळी होते, आधी किती जणांनी बंद केलं होतं ते ती मोजत बसत नाही. म्हणजे हेल्परमधून परत आलात तेव्हा इंटरप्ट चालू आणि नोंद अर्धीच जोडलेली, तेवढ्यात डिव्हाइसचा इंटरप्ट आला आणि हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) तीच लिस्ट धरली की संपलं.

म्हणून दोन्हीकडे लोकल आयआरक्यू सेव्ह आणि रिस्टोअर वापरा. सेव्ह आधीची स्थिती फ्लॅग्ज नावाच्या व्हेरिएबलमधे ठेवून मग बंद करतं, रिस्टोअर जसं होतं तसंच परत करतं, बंद होतं तर बंदच राहतं. फ्लॅग्ज हे अनसाइन्ड लाँग, आणि प्रत्येक फंक्शनचं स्वतःचं लोकल व्हेरिएबल हवं, ग्लोबल अजिबात नको.

आणि एक, हे सगळं फक्त त्याच सीपीयूपुरतं असतं. पूर्वी सगळ्या सीपीयूंवरचे इंटरप्ट थांबवणारं सीएलआय फंक्शन होतं, ते लिनक्स कर्नल २.६ येईपर्यंत काढून टाकलं. आता दुसऱ्या कोअरवर हँडलर चालू शकतो, त्यामुळे तुम्हाला खरं तर स्पिन लॉक आयआरक्यूसेव्हच लागणार (स्पिन लॉक म्हणजे सुटेपर्यंत जागीच फिरत वाट बघायला लावणारं कुलूप, हा प्रकार सोबत इंटरप्टही सेव्ह करून बंद करतो), आणि हँडलरमधेही तोच लॉक घ्यायचा. नुसता स्पिन लॉक घेतलात आणि त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला तर हँडलर लॉक सुटायची वाट बघत फिरत राहील, आणि ज्याने लॉक धरलाय त्याला पुढे सरकताच येणार नाही.

मधल्या भागात झोपू शकेल (म्हणजे थांबून सीपीयू दुसऱ्याला देईल) असं काही नको, मेमरी आधीच घेऊन ठेवा.

बदल करायच्या आधी एवढं करा, लॉकडेप (कर्नलमधलाच लॉकच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू असलेला कर्नल बिल्ड करा आणि हेल्परच्या कॉलखालच्याच ओळीत लॉकडेप असर्ट आयआरक्यूज डिसेबल्ड टाका. पहिल्याच फेरीत डीमेसेजमधे (कर्नलच्या संदेशांची नोंद) वॉर्निंग दिसेल, चार तास वाट बघायला नको.