फेजच्या जीनोममधली जनुके: ६१ की ७६?

मिठी नदीच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या तुमच्या क्लेब्सिएला-फेजच्या (क्लेब्सिएला या जिवाणूला ग्रासणाऱ्या विषाणूच्या) सुमारे ४३ हजार बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जीनोममध्ये प्रॉडिगल या जनुके शोधणाऱ्या प्रोग्रॅमने ६१ आणि फॅनोटेट या दुसऱ्याने ७६ जनुके दाखवली. यांतला कोणता आकडा धरायचा, आणि निम्म्याहून अधिक जनुकांपुढे ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ (काम माहीत नसलेले प्रथिन) आले हे आपले काही चुकल्यामुळे का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही आकडे हा कच्चा मसुदा समजा. मी अशी यादी छापून घेतो आणि ठाण्याहून परळला येता-जाता लोकलमध्ये पेन्सिलने एकेक जनुक तपासतो. एका फेजला आठवडा सहज लागतो, आणि तो लागू द्यावा.

आकड्यांतल्या फरकाचे कारण साधे आहे. प्रॉडिगल हा मुख्यतः जिवाणूंच्या जीनोमसाठी घडवलेला प्रोग्रॅम असून तो दिलेल्या क्रमावरूनच जनुकांची लकब शिकतो. त्यासाठी त्याला किमान २०,००० बेस लागतात आणि चांगले शिकायला त्याहून बरेच जास्त, त्यामुळे फेजसाठी तो मेटा मोडमध्ये, म्हणजे आधीच शिकवून ठेवलेल्या नमुन्यांवर, चालवणे बरे. २०१९ साली प्रसिद्ध झालेला फॅनोटेट मात्र फेजसाठीच लिहिलेला आहे. फेजच्या जीनोममध्ये मोकळी जागा फारशी नसते, हे गृहीत धरून तो रिकाम्या पट्ट्यांना दंड लावतो आणि म्हणून अनेक छोटी जनुके जास्तीची दाखवतो. अशा जास्तीच्या पंधरा जनुकांपैकी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: त्याची दिशा शेजारच्या जनुकांसारखीच आहे का, त्याच्याआधी रायबोसोम (प्रथिने बनवणारे पेशीतले यंत्र) बसण्याची जागा दिसते का, आणि दुसऱ्या फेजांमध्ये त्याचे भाऊबंद सापडतात का. केवळ दुसऱ्या जनुकावर चढले आहे म्हणून मात्र ते खोडू नका. ५,३८६ बेसच्या फाय-एक्स १७४ या फेजमध्ये ‘ई’ हे जनुक ‘डी’च्या पोटात वेगळ्या वाचनचौकटीत (तीन-तीन अक्षरांच्या वेगळ्या गटवारीत) बसलेले आहे, आणि लॅम्ब्डा या फेजमध्ये आरझेड-१ हे जनुक तसेच आरझेडच्या आत आहे.

खरा वेळ जातो तो जनुकाची सुरुवात ठरवण्यात. शेवट स्टॉप कोडॉनने (‘थांबा’ सांगणाऱ्या टीजीएसारख्या तीन अक्षरांनी) पक्का असतो, पण सुरुवातीला एटीजी, जीटीजी किंवा टीटीजी यांपैकी काहीही चालते. माझ्या एका फेजमध्ये एकाच जनुकाला एका प्रोग्रॅमने जीटीजीपासून धरले होते, आणि त्यामुळे ते आधीच्या जनुकावर ५२ बेस चढत होते. दुसऱ्याने ४८ बेस पुढच्या एटीजीपासून धरले होते. क्रम उघडून पाहिला तेव्हा तिथे ‘एटीजीए’ होते, म्हणजे मागच्या जनुकाचा टीजीए आणि पुढच्याचा एटीजी चार बेसमध्ये गुंतलेले, आणि सात बेस आधी स्वच्छ ‘एजीजीएजीजी’, म्हणजे रायबोसोम बसण्याची जागा. जवळच्या फेजांमधली प्रथिनेही त्याच जागेपासून जुळत होती. मी आखूड रूप ठेवले.

लांब शेपटीचा फेज असेल तर टेप-मेझर (शेपटीची लांबी ठरवणाऱ्या) जनुकाच्या आधी थांबून पाहा. तिथल्या दोन शेपटी-जुळणी प्रथिनांमध्ये अनेक फेजांमध्ये रायबोसोम एक बेस मागे घसरतो आणि दोन्ही मिळून एक लांब प्रथिन तयार होते. लॅम्ब्डामध्ये हे ‘जीजीजीएएएजी’ या क्रमावर घडते. कोणताही नेहमीचा प्रोग्रॅम हे आपणहून नीट मांडून देईल यावर विसंबू नका.

आता नावांबद्दल. ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या शोधात पहिल्या ओळीत आलेले नाव उचलून चिकटवणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा रोग आहे, कारण एकाची चूक पुढे शंभर नोंदींमध्ये पसरते. फॅरोका ही पाइपलाइन जनुकांना फ्रॉग्ज या फेज-प्रथिनकुळांच्या संचाशी ताडून पाहते, तिथून सुरुवात करा. जे उरेल ते एचएचप्रेड या दूरचे नाते शोधणाऱ्या साधनात टाका, कारण क्रम ओळखू न येण्याइतका बदललेला असला तरी घडीचे साम्य पुष्कळदा तिथे दिसते. शेजारही पुरावा देतो: टर्मिनेझ, पोर्टल आणि कॅप्सिड (फेजचे डोके बनवणारी आणि त्यात डीएनए भरणारी प्रथिने) यांची जनुके बहुधा जवळजवळ असतात, आणि सर्वांत लांब जनुक अनेकदा टेप-मेझरच निघते. इतके करूनही काही सापडले नाही, तर ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ हेच प्रामाणिक नाव आहे, आणि ते निम्म्या जनुकांना लागले म्हणून तुमचे काम उणे ठरत नाही.

हा फेज पुढे उपचारासाठी वापरायचा विचार असेल, तर नोंद पाठवण्याआधी इंटिग्रेझ (फेजचा डीएनए जिवाणूच्या डीएनएत घुसवणारे प्रथिन), रिप्रेसर (फेजला तिथे सुप्त ठेवणारे प्रथिन), विषजनुके आणि प्रतिजैविक-प्रतिकाराची जनुके यांचा स्वतंत्र शोध घ्या. इंटिग्रेझ सापडला नाही एवढ्यावरच ‘लिटिक’ (सुप्त न राहता जिवाणूला फोडणारा) असे लिहू नका. ज्या छोट्या जनुकांना तुम्ही आत्ता खोडायला निघाला आहात, त्यांतच रिप्रेसर असू शकतो.